नवसागराचं ओतकाम: कास्टिंगमधला स्फटिक कुठे जन्मतो आणि कुठे जाऊन बसतो, हे डोळ्यांनी बघण्याची रीत

कास्टिंग, म्हणजे वितळलेला धातू साच्यात ओतून घट्ट झालेला तुकडा, मधोमध कापलं, घासून चकचकीत केलं आणि त्यावर योग्य ते रसायन लावलं की दाणे, म्हणजे धातूचे स्फटिक, दिसायला लागतात. साच्याच्या भिंतीलगत बारीक दाण्यांचा थर, त्यातून आत घुसलेले लांबट दाणे आणि मध्यभागी सगळ्या दिशांना तोंडं केलेले सुटे, गोलसर दाणे. पण हे दिसतं तेव्हा घडायचं ते घडून गेलेलं असतं. मधला सुटा दाणा मध्येच जन्मला, की भिंतीपाशी जन्मून तिथवर वाहत आला, हे कापलेल्या तुकड्यावरून सांगता येत नाही. आणि दाणे बारीक करायचे तर उपाय कुठे करायचा, हे नेमकं त्याच उत्तरावर ठरतं.

वितळलेल्या धातूच्या आत बघता येत नाही. नवसागराच्या द्रावणात येतं. कल्हईवाला तापलेल्या भांड्यावर टाकतो तोच हा नवसागर (अमोनियम क्लोराइड). पाण्यातून बाहेर पडताना तो धातूसारखाच फांद्या फोडत, झाडासारखा वाढतो. मीठ किंवा तुरटी वापरून हा प्रयोग होत नाही, कारण त्यांचे स्फटिक सपाट पैलूंचे निघतात.

आयटीआयत, कॉलेजात, फाउंड्रीच्या ट्रेनिंग रूममध्ये हा प्रयोग बरेच जण करून बघतात आणि पुष्कळांच्या हाती फक्त दुधाळ पाणी लागतं, नाहीतर काहीच लागत नाही. चूक बहुतेक वेळा ओतण्याच्या आधीच झालेली असते. म्हणून खाली तयारीवर जास्त लिहिलं आहे.

सुट्या स्फटिकाची जन्मस्थानं चार. ओतताना गार भिंतीला रस (वितळलेला धातू, इथे द्रावण) लागतो तिथे जन्मून लगेच सुटलेला. भिंतीवर वाढलेल्या लांब स्फटिकाची फांदी तुटून झालेला. उघड्या पृष्ठभागावर जन्मून खाली पडलेला. आणि रसातल्या परक्या कणावर जन्मलेला. पुढच्या प्रत्येक ओतकामात यातलं एकच जन्मस्थान चालू ठेवायचं आहे. सगळी एकदम चालू ठेवली तर स्फटिक खूप दिसतील, पण कळणार काही नाही.

## टप्पा १: सामान

नवसागर लॅब ग्रेडचा घ्या, अर्धा किलो पुरतो. बाजारात मिळणाऱ्या पिवळट खड्यांत माती आणि लोखंडाचा अंश असतो. त्यातला प्रत्येक कण पुढे स्फटिकाला बसायला जागा देतो. पाणी डिस्टिल्ड हवं. गॅरेजमध्ये बॅटरीत घालायला ठेवतात ते चालेल, नळाचं नको.

याशिवाय १ ग्रॅमपर्यंत अचूक वजनकाटा, दोन डिजिटल थर्मामीटर, काचेचं मोठं बीकर, ५० मिलिची सिरिंज, फिल्टर पेपर, बर्फ, जाडं मीठ आणि मोबाइल धरायला स्टँड. चष्मा आणि हातमोजे नेहमीचेच.

सावध: तांब्या-पितळेचं भांडं किंवा चमचा वापरू नका, नवसागर तांब्याला खातो आणि द्रावण निळसर होतं. जवळपास ब्लीचिंग पावडर, चुना किंवा कॉस्टिक ठेवू नका. चुन्याशी किंवा कॉस्टिकशी गाठ पडली तर अमोनिया सुटतो, ब्लीचशी पडली तर त्याहून घातक वायू.

## टप्पा २: साचा

पहिला मोह काचेचा होतो. तो टाळा. साधी काच एका बाजूला बर्फ आणि दुसऱ्या बाजूला ६० अंशांचं द्रावण असं सोसत नाही, तडकते. शिवाय काचेतून उष्णता बरीच वाहते, त्यामुळे स्फटिक गार भिंतीवर वाढण्याऐवजी काचेवरच पसरतात आणि समोरचा पडदा झाकून टाकतात. ४ किंवा ५ मिमी जाडीचा ॲक्रिलिक शीट घ्या.

सरकत्या खिडक्या बनवणाऱ्याकडे २५ × २५ मिमीचा ॲल्युमिनियमचा चौकोनी पाइप मिळतो. अॅनोडाइज केलेला मिळाला तर उत्तम, कारण क्लोराइड साध्या ॲल्युमिनियमला खड्डे पाडतं. साधा असेल तर लॅकरचा पातळ हात द्या. एक तुकडा उभा, ही डावी भिंत. त्याचं खालचं तोंड ॲक्रिलिकच्या चौकोनाने बंद करा आणि वरचं उघडं ठेवा, त्यात बर्फ भरायचा आहे. दुसरा तुकडा आडवा, हा तळ. त्याची दोन्ही तोंडं उघडी. दोन पाइप जिथे भेटतात तिथे रबराची पट्टी घाला, नाहीतर एकाचा गारवा दुसऱ्यात उतरतो. उजवी भिंत २५ मिमी जाड लाकडाची, लॅकर मारलेली. पुढे-मागे ॲक्रिलिक लावून न्यूट्रल सिलिकॉनने जोडा, क्लॅम्प लावा आणि पूर्ण एक दिवस सुकू द्या.

आतली जागा १०० मिमी रुंद, १२० मिमी उंच, २५ मिमी जाड ठेवली तर १०० मिमी उंचीपर्यंत पाव लिटर द्रावण मावतं. वर ठेवायला ॲक्रिलिकचं सैल झाकण कापून घ्या, त्यात थर्मामीटरपुरतं भोक.

तपासा: ६० अंशांचं साधं पाणी भरून अर्धा तास ठेवा. गळती असेल तर आत्ताच दिसू दे.

सावध: ॲक्रिलिक स्पिरिटने किंवा थिनरने पुसू नका; बारीक तडे पडून ते धुरकट होतं. साबणाचं पाणी पुरे.

## टप्पा ३: द्रावण

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. आपल्याला वजनाने ३० टक्के द्रावण हवं आहे, म्हणजे ३०० ग्रॅम नवसागर आणि ७०० ग्रॅम पाणी. "एक लिटर पाण्यात ३०० ग्रॅम" असं केलं तर ते २३ टक्केच भरतं.

हा फरक किती महाग पडतो ते बघा. ज्या तापमानाला पहिला स्फटिक बाहेर पडू शकतो त्याला लिक्विडस म्हणतात. नवसागराच्या द्रावणाचं लिक्विडस अंदाजे असं बदलतं:

- २३ टक्के: १ ते २ अंश सेल्सिअस
- २७ टक्के: २० अंश
- ३० टक्के: ३३ अंश
- ३३.५ टक्के: ५० अंश

म्हणजे २३ टक्क्यांच्या द्रावणाला बर्फाच्या पाण्याने थंड करत बसलात तर तासभर बघूनही काही दिसायचं नाही, आणि दोष बर्फाला दिला जाईल. एक टक्क्याचा फरक म्हणजे साडेचार-पाच अंशांचा फरक, हे लक्षात ठेवा. किलोभर द्रावणात नवसागर दहा ग्रॅम कमी पडला की पाऊण टक्क्याच्या आसपास गेला. म्हणून पाणीसुद्धा मापाने नाही, वजनाने घ्या.

आता क्रम. रिकाम्या बीकरचं वजन लिहून ठेवा. पाणी घाला, मग नवसागर. ढवळायला लागलात की बीकर हाताला गार लागेल; नवसागर विरघळताना उष्णता ओढून घेतो आणि द्रावणाचं तापमान वीसेक अंशांनी उतरू शकतं. त्यामुळे खोलीच्या तापमानाला ढवळत राहून तो पूर्ण विरघळणार नाही. बीकर गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून ६५ अंशांपर्यंत न्या, गरम असतानाच गाळा, आणि झाकून पंधरा मिनिटं त्याच तापमानाला ठेवा.

ही पंधरा मिनिटं वगळू नका. द्रावण वरून नितळ दिसतं तेव्हाही काठाला, ढवळणीला, तळाशी बारीक कण चिकटलेले असतात. त्यातला एक जरी साच्यात गेला तर तो बियाण्याचं काम करतो आणि चौथं जन्मस्थान तुमच्या नकळत चालू होतं. बीकरचा काठ गरम पाण्यात बुडवलेल्या कापडाने पुसून घ्या.

शेवटी पुन्हा वजन करा. जितकं कमी भरेल तितकं पाणी वाफ होऊन गेलेलं आहे. तेवढं गरम डिस्टिल्ड पाणी परत घाला.

## टप्पा ४: लिक्विडस स्वतः मोजा

टेबलातला आकडा वापरू नका, स्वतःच्या द्रावणाचा मोजा. छोट्या बीकरमध्ये ५० मिलि द्रावण घ्या, हलकेच ढवळत थंड होऊ द्या आणि दर दहा सेकंदांनी तापमान लिहा. स्वच्छ द्रावण ३३ अंशांच्या काही अंश खाली जाऊनही नितळ राहील. मग एकदम पांढरे तारे झरायला लागतील आणि त्याच क्षणी थर्मामीटर वर चढेल, कारण स्फटिक बनताना उष्णता बाहेर टाकतो. फाउंड्रीत थर्मामीटर बसवलेल्या कपात रस घेऊन कूलिंग कर्व्ह (थंड होतानाचा तापमानाचा आलेख) काढताना लिक्विडसपाशी जो खड्डा आणि चढ दिसतो, तो हाच. खड्डा जितका खोल, तितकी रसात स्फटिकांना बसायला जागा कमी.

पण लिक्विडस म्हणून खड्ड्याचा आकडा धरू नका. तेच बीकर हळूहळू परत तापवा आणि ढवळत राहून शेवटचा स्फटिक विरघळतो ते तापमान लिहा. ते खरं लिक्विडस. पुढे मी ३३ लिहीन. तिथे तुम्ही तुमचा आकडा धरा.

तपासा: आकडा ३१ ते ३५ च्या बाहेर असेल तर टप्पा ३ वर परत जा. जास्त असेल तर पाणी उडालं आहे, कमी असेल तर नवसागर कमी पडला आहे.

## टप्पा ५: उजेड, खोली, कॅमेरा

साच्यामागे काळा कागद. उजेड बाजूने किंवा वरून, समोरून कधीच नाही. मोबाइल स्टँडवर, फोकस लॉक, एका कडेला मोजपट्टी चिकटवलेली.

खोली २५ ते २८ अंशांची असावी. मे महिन्यात दुपारी ३६ अंशांच्या खोलीत केलंत तर साच्याची लांबची बाजू ३३ च्या खाली येतच नाही आणि सुटलेला प्रत्येक स्फटिक विरघळून जातो. डिसेंबरच्या पहाटे केलंत तर ॲक्रिलिकवरच स्फटिक धरतात. पावसाळ्यात गार भिंतीजवळ बाहेरून दव साचतं. त्या जागी साबणाच्या पाण्याचा पातळ हात फिरवून कोरडं पुसलं की बराच वेळ नितळ राहतं.

## टप्पा ६: पहिलं ओतकाम, फक्त भिंत

६० अंशांचं द्रावण लाकडी भिंतीच्या बाजूने हळू ओता, झाकण ठेवा, एक मिनिट शांत होऊ द्या आणि त्यानंतर उभ्या पाइपात बर्फ भरा. बर्फ कुटलेला, पाण्यासकट. नुसत्या खड्यांच्या मध्ये हवा राहते आणि भिंत ठिगळांसारखी गार होते. ओतल्यावर बर्फ घातल्यामुळे पहिलं जन्मस्थान बंद झालं, झाकणामुळे तिसरं, गाळल्यामुळे चौथं.

आता साच्याला हात लावू नका, टेबलालाही नको.

आधी भिंतीवर दहिवरासारखा पांढरा थर चढतो. त्यातले स्फटिक वेगवेगळ्या दिशांना तोंड करून जन्मलेले असतात, पण ज्यांची वाढीची दिशा भिंतीशी काटकोनात आहे ते पुढे सरकतात आणि तिरके मागे दबून राहतात. लांबट दाण्यांचा पट्टा असा निवडीतून तयार होतो. हे दृश्य घाईत बघून सोडू नका. मोबाइलवर मोठं करून एकाच तिरक्या स्फटिकाचा शेवट होईपर्यंत पाठलाग करा.

मग द्रवाकडे बघा. फांद्यांच्या टोकांपुढे उन्हात तापलेल्या रस्त्यावर दिसतात तशा थरथरत्या रेषा दिसतील. तिथे दोन प्रवाह उलट दिशांना जात असतात. फांद्यांच्या बाहेरचा द्रव फक्त गार झालेला असतो, म्हणून जड, म्हणून खाली उतरतो. फांद्यांच्या आतल्या द्रवातला नवसागर स्फटिकाने घेतलेला असतो, उरलं जास्त पाणी. ते गार असूनही हलकं, म्हणून भिंतीलगत वर चढतं आणि साच्याच्या माथ्यावर साचतं. काही वेळाने स्फटिकांचा पट्टा खाली जाड आणि वर पातळ दिसायला लागतो. वर साचलेल्या पाणचट द्रवाचं लिक्विडस उतरलेलं आहे, तिथे वाढ रखडते.

तपासा: सिरिंजने माथ्यावरचा १० मिलि आणि तळाजवळचा १० मिलि नितळ द्रव काढा आणि टप्पा ४ च्या रीतीने दोघांचं लिक्विडस मोजा. एकच बीकर, एकच द्रावण, तरी माथ्याचा आकडा काही अंशांनी कमी येईल. लॅडलमधून (रस ओतायच्या भांड्यातून) घेतलेला नमुना बरोबर असूनही कास्टिंगच्या दोन टोकांची रासायनिक तपासणी जुळत नाही, त्याचं कारण इथे हातात धरून बघता येतं.

या ओतकामात सुटे स्फटिक फार थोडे दिसले पाहिजेत. पुष्कळ दिसले तर द्रावण स्वच्छ नव्हतं किंवा झाकण नीट बसलं नव्हतं. पुढे जाऊ नका, परत तापवून परत गाळा.

## टप्पा ७: दुसरं ओतकाम, गार भिंतीवर धार

द्रावण परत ६५ अंशांपर्यंत तापवून पंधरा मिनिटं ठेवा. प्रत्येक ओतकामाआधी हे करायचंच. आता बर्फ आधी भरा आणि धार थेट गार भिंतीवर धरा. एकदा ६० अंशांना ओता, मग सगळं आवरून पुन्हा ४० अंशांना.

पहिल्या खेपेला लिक्विडसच्या वर २७ अंशांची जादा उष्णता होती. भिंतीवर जन्मलेले स्फटिक धारेबरोबर सुटले खरे, पण मधल्या गरम द्रवात जाऊन विरघळले. दुसऱ्या खेपेला जादा उष्णता ७ अंशांचीच. तेच स्फटिक जगतात, फिरत फिरत वाढतात, जड होतात आणि तळाशी ढीग होऊन बसतात. लांबट पट्टा त्या ढिगाशी येऊन थांबतो.

दोन्ही फिल्म शेजारी लावून बघा. द्रावण तेच, भिंत तीच, बर्फ तोच. बदललं ते फक्त ओतण्याचं तापमान. माझा आग्रह आहे की फर्नेसवर काम करणाऱ्या प्रत्येकाला ही जोडी एकदा दाखवावी. पातळ भागात मेटल पोचणार नाही या भीतीने तापमान वीस-तीस अंशांनी चढवलं जातं, आणि ती वाढ दाण्यांना काय करते हे कुणाला दिसत नाही. कुठे कुठे चढवावं लागतंही. पण गेट (रस साच्यात शिरायची वाट) मोठं करून किंवा साचा तापवून काम होत असेल तर तो मार्ग आधी बघावा.

सावध: दोन्ही खेपांत ओतण्याची उंची आणि वेग सारखा ठेवा. एकदा फनेलने आणि एकदा बीकरने ओतलंत तर तुलना गेली.

## टप्पा ८: फांदी तोडणं

पुन्हा पहिल्या ओतकामासारखं: आधी ओता, झाका, मग बर्फ. पट्टा दीड-दोन सेंटिमीटर वाढू द्या. मध्यभागी थर्मामीटर ठेवलेला असू दे. साच्यातलाच ३० मिलि द्रव सिरिंजमध्ये ओढा आणि टोकांच्या रांगेवर हळू सोडा. बाहेरचं द्रावण घालू नका. त्याचं तापमान आणि मिश्रण दोन्ही वेगळं असतं.

फांद्यांचे तुकडे सुटतील. फांदी मूळ दांड्याला जिथे जोडलेली असते तिथे ती बारीक असते; थोडा उबदार किंवा पाणचट द्रव तिथून वाहिला तरी ती गळून पडते. हे दोनदा करा, एकदा मधलं तापमान ३३ च्या वर असताना, एकदा खाली गेल्यावर. वर असताना तुकडा खाली पडता पडता लहान होतो आणि नाहीसा होतो. खाली गेल्यावर तोच तुकडा पडताना मोठा होत जातो.

ढवळल्याने दाणे बारीक होतात, हे वाक्य म्हणूनच अर्धवट आहे. रसातली जादा उष्णता संपलेली नसेल तर ढवळून निघालेले सगळे तुकडे वाया जातात. हलवायचं असेल तर कधी, हे तापमान बघून ठरवावं लागतं.

झाकण काढून तिसरं जन्मस्थानही याच वेळी बघून घ्या: वरचा पृष्ठभाग वाफ होऊन गार होतो, तिथे तारे धरतात आणि पावसासारखे खाली येतात.

## टप्पा ९: बी टाकणं

नवसागराची बारीक पूड, चिमूटभर. द्रावण ४५ अंशांवर असताना एकदा टाका आणि ३१ अंशांवर असताना एकदा. पहिली चिमूट विरघळून नाहीशी होते, दुसरीतला कण न् कण वाढायला लागतो.

धातूत मात्र टाकलेली गोष्ट वेगळ्या कारणांनी निकामी होते. ॲल्युमिनियममध्ये ५ टक्के टायटॅनियम, १ टक्का बोरॉनचा रॉड टाकतात, त्यातले बोराइडचे कण विरघळत नाहीत. पण त्यांची घनता साडेचारच्या आसपास आणि रसाची अडीचच्याही खाली, त्यामुळे रस थांबून राहिला की ते तळाशी बसतात. ओतण्याआधी तळापासून ढवळायचं ते यासाठी. बिडात इनॉक्युलंटचा (बियाण्यासारख्या टाकलेल्या पुडीचा) परिणाम मिनिटामिनिटाला ओसरत जातो, म्हणून तो शक्य तितका उशिरा, जमल्यास धारेत द्यायचा. टाकल्याची नोंद असते. टाकल्यापासून ओतेपर्यंत किती वेळ गेला याची नोंद क्वचितच असते, आणि खरा उपयोग तिचा आहे.

## टप्पा १०: तळातून थंड करणं

सगळ्यात सुंदर आणि सगळ्यात चुकीचं समजलं जाणारं ओतकाम हे. उभा पाइप रिकामा, कोरडा ठेवा. पसरट ट्रेमध्ये तीन भाग बर्फाला एक भाग मीठ, थोडं पाणी. आडवा पाइप त्यात बुडेल असा साचा उभा करा, म्हणजे खारं पाणी पाइपातूनही जाईल. ६० अंशांना ओता, झाका.

तळाशी स्फटिकांचं गवत उगवतं. वाटतं की खालून थंड होतंय, गार द्रव जड, तो खालीच राहणार, सगळं शांत असणार. तसं होत नाही. गवताच्या आतला द्रव पाणचट आणि हलका होत जातो आणि थोड्या वेळाने त्याला वरचं वजन पेलवत नाही. मग गवतातून सरळ, बारीक, धुरासारखे फवारे वर निघतात. ज्या वाटेने ते निघतात तिथले स्फटिक विरघळून धुराड्यासारखी पोकळ नळी तयार होते, आणि तुटलेल्या फांद्या त्या फवाऱ्याबरोबर वर उडून बाजूला पडतात.

विमानाच्या इंजिनातली निकेल मिश्रधातूची पाती एका दिशेने थंड करतात, तेव्हा त्यांच्यावर चुकीच्या दाण्यांच्या उभ्या रांगा उमटू शकतात. त्या अशाच धुराड्यांच्या खुणा असतात. पोलादाच्या मोठ्या इनगॉटमधल्या (ओतलेल्या ठोकळ्यातल्या) तिरक्या, अशुद्धी साठलेल्या रेषाही याच जातीच्या.

तपासा: फवारे मोजा, मग तोच प्रयोग साच्याखाली एका बाजूला लाकडाची चपटी पट्टी सरकवून, साचा थोडा तिरका करून करा. धुराडी एका कडेला गोळा होताना दिसतील.

सावध: मीठ-बर्फ उणे १५ अंशांच्याही खाली जाऊ शकतं. उघड्या हाताने ढवळू नका.

## धातूकडे नेताना कुठे थांबायचं

दोन गोष्टी नवसागरात आणि धातूत जुळत नाहीत, आणि त्या विसरून निष्कर्ष काढले तर नुकसान होतं.

पहिली, घनाचं प्रमाण. ३० टक्के द्रावण शून्य अंशापर्यंत आणलं तरी वजनाने नऊ-साडेनऊ टक्केच स्फटिक बनतात. उणे १५ अंशांना, जिथे उरलेला द्रवही गोठायला लागतो, तिथेही तेराच्या आत. ७ टक्के सिलिकॉनच्या ॲल्युमिनियममध्ये त्या टप्प्यावर निम्मा माल घन झालेला असतो. म्हणजे धातूत सुटे स्फटिक लवकर एकमेकांत अडकतात आणि वाहणं बंद पडतं. एकदा ते अडकले की रायझरमधून (आकसणारी जागा भरायला ठेवलेल्या जादा रसाच्या साठ्यातून) येणाऱ्या रसाला फांद्यांच्या फटींतून वाट काढावी लागते. बारीक, गोलसर दाणे उशिरा अडकतात, म्हणून तिथे फीडिंग, म्हणजे हा रस पोचत राहणं, जास्त वेळ चालतं.

दुसरी, दिशा. नवसागराचा स्फटिक द्रवापेक्षा जड, तो बुडतो. उरलेला द्रव हलका, तो चढतो. पोलादात साधारण असंच. पण जास्त सिलिकॉनच्या ॲल्युमिनियममध्ये आधी निघणारा सिलिकॉनचा स्फटिक रसापेक्षा हलका असतो आणि वर तरंगायला बघतो. कार्बन जास्त झालेल्या बिडात ग्रॅफाइट वर जमतं. ॲल्युमिनियम-तांबं मिश्रणात उरलेला द्रव तांब्याने जड होऊन खाली उतरतो. म्हणून साच्यात काय वर जाईल आणि काय खाली बसेल हे ठरवण्याआधी घन आणि उरलेला द्रव यांच्या घनता शेजारी लिहून बघा. चाचणीचा तुकडा कुठून कापायचा, हेही त्यावरच ठरवा.

## आवरताना

द्रावण फेकू नका. सगळे स्फटिक गरम करून परत विरघळवा आणि प्लास्टिकच्या झाकणाच्या काचेच्या बाटलीत भरा. पत्र्याचं झाकण गंजून द्रावणात उतरतं. बाटलीवर टक्केवारी, तारीख आणि मोजलेलं लिक्विडस लिहा. पुढच्या वेळी बाटलीत तळाशी स्फटिक धरलेले असतील. वरचं नितळ पाणी तेवढं ओतून घेऊ नका, त्याची टक्केवारी आता वेगळी आहे. सगळी बाटली एकत्र तापवा. पाइप कोमट पाण्याने दोनदा धुऊन कोरडे करा, आणि लॅकर कुठे उडालं आहे का ते त्याच दिवशी बघा.